माउंटखालचं नाव

४ फेब्रुवारी

व्यवसाय नोंदणी ऑफिसाचा कागद आला. एकट्याच्या मालकीच्या प्रत्येक दुकानाने आपलं नोंदणी प्रमाणपत्र आता दर्शनी भागात लावायचं. नंबर दिसला पाहिजे, मालकाचं नाव दिसलं पाहिजे, आणि तोच नंबर पावतीवरही हवा. इतके दिवस आमचं प्रमाणपत्र खणात काच कापायच्या हत्याराखाली पडलेलं होतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. ऑफिसातल्या लोकांना बसल्या खुर्चीत काहीतरी सुचतं, आणि निस्तरायचं आम्ही.

कागद मोठ्याने वाचला. थोरली पुठ्ठा कापत होती. मान वर न करता म्हणाली, "लावायलाच हवं होतं, बाबा. मी मागेच म्हटलं होतं."

आमच्या मुलीने मागे काय काय म्हटलं होतं ते लिहून ठेवायचं तर वेगळी वही घालावी लागेल.

अडचण अशी की प्रमाणपत्रावर मालक म्हणून नाव तिचं आहे. हे इथे लिहितो, कारण घरात हा विषय काढला की सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. माझी स्वतःची नोंदणी ऑफिसाने रद्द केली होती. काय तर म्हणे विवरणपत्रं भरली नाहीत. मी कारागीर माणूस, मी फ्रेमा करू की विवरणपत्रं भरत बसू? पुन्हा माझ्या नावावर मिळेना, म्हणून थोरलीच्या नावावर काढली. कागदापुरती. धाकट्याच्या नावावर काढली असती, पण त्याची तेव्हा परीक्षा होती, त्याच्या डोक्याला कशाला ताप? थोरली काय, दुकानातच होती.

बाहेर पाटीवर माझं नाव आहे आणि पुढे 'आणि चिरंजीव'. धाकटा पाळण्यात असताना रंगवून घेतलेली. बाहेर ती पाटी, आणि आत आल्यावर भिंतीवर पोरीचं नाव! गिऱ्हाईक म्हणेल, म्हातारा लेकीच्या जिवावर जगतो.

७ फेब्रुवारी

तोडगा सापडला. ऑफिसातल्या साहेबांना अक्कल असेल, पण फ्रेमवाल्याच्या हातात काय असतं ते त्यांना ठाऊक नाही.

चित्राभोवती आम्ही जाड पुठ्ठा घालतो, माउंट. त्याला खिडकी किती कापायची ते आमच्या हातात. खिडकीत येईल तेवढंच चित्र. फाटलेली कड, शाईचा डाग, घरच्या फोटोत कडेला उभा राहिलेला नकोसा मेहुणा, सगळं गुपचूप पुठ्ठ्याखाली जातं. मेहुणे तर मी कित्येक घालवले आहेत.

तर प्रमाणपत्राला गडद हिरवा माउंट घातला. खिडकी बेतून कापली. वर ऑफिसाचा शिक्का दिसतो, त्याखाली नंबर ठसठशीत दिसतो, आणि जिथे 'मालकाचे नाव' सुरू होतं तिथे पुठ्ठा सुरू होतो. भोवती बारीक सोनेरी पट्टी. ऑफिसाचा कागद इतका देखणा कुणी केला नसेल. गल्ल्यामागच्या भिंतीवर लावला.

थोरली एका गिऱ्हाइकाचा आरसा पोचवून परत आली. दारातच थांबून बघत राहिली.

"खिडकी लहान झाली," म्हणाली.

"प्रमाण बघ. कसं उठून दिसतंय."

"हो. उठून दिसतंय."

मग खाली पडलेले पुठ्ठ्याचे तुकडे तिने गोळा केले. दुपारी डबा उघडलाच नाही. विचारलं तर म्हणाली भूक नाही. पोट बिघडलं असेल, बाहेर काही खाल्लं असेल.

११ फेब्रुवारी

लोकांना रीत राहिलेली नाही. आज एक बाई आल्या, मी समोर उभा, आणि विचारतात, "ताई नाहीत का?" म्हटलं, मी आहे ना. तर म्हणाल्या, "नको, मी नंतर येते." हातात नुसतं एक भरतकाम होतं. मी या धंद्यात केस पांढरे केले, त्यांचं भरतकाम काय मी खाणार होतो?

मागच्या खेपेला त्यांची एक फ्रेम कोपऱ्यात उघडली होती म्हणे. लाकूड ओलं असेल. थोरलीने तेव्हा बदलून दिली आणि मला सांगितलंही नाही. आता तिने एक नवंच काढलंय, "बाबा, तुम्ही काच बघा, कोपरे मी बसवते." कोपरा बसवायला मी तिला शिकवलं! गुरूची विद्या गुरूला. शेजारचा चष्मेवालाही येता जाता म्हणतो, काका, डोळे तपासून घ्या. त्याचा धंदाच तो, त्याला सगळं जग आंधळंच दिसायचं.

१९ फेब्रुवारी

धाकट्याला फोन केला. त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत असं हिच्याकडून कळलं. ही म्हणजे त्याची आई, तिला सगळं आधी कळतं. म्हटलं, बाबा रे, काळजी करू नकोस, तुझी गादी इथे तयार आहे.

तो म्हणाला, "ताईशी बोललात का?"

"तिच्याशी काय बोलायचंय?"

"अहो, दुकान ती चालवते. मी तिथे येऊन काय करू?"

पोरगा मनाने मोठा. बहिणीला वाईट वाटेल म्हणून मागे सरतो. मी म्हटलं, तिची काळजी नको, ती मदतीला असेलच. तो म्हणाला, "बघू, बाबा." बघू म्हणाला म्हणजे आला. मी त्याला ओळखतो.

२६ फेब्रुवारी

वाईट दिवस. लिहू नये असं वाटतं, पण मग कुठे ओकू?

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तेवढ्यात नोंदणी ऑफिसाचा तपासनीस आला. तरुण पोरगा, गळ्यात ओळखपत्र. "मालक कोण?"

"मीच," म्हणालो. सवयीने तोंडून गेलं. आणि खोटं काय त्यात?

त्याने प्रमाणपत्राकडे पाहिलं, जवळ गेला, मान तिरकी केली. "नंबर दिसतोय. मालकाचं नाव कुठे आहे?"

"आत आहे."

"आत म्हणजे?"

"पुठ्ठ्याखाली. फ्रेमिंगची पद्धत असते ती."

"काका, मी पण घरी फोटो लावतो. उघडा ती."

मी हललो नाही. थोरलीने फ्रेम उतरवली, टेबलावर पालथी घातली, मागच्या पिना एकेक काढल्या, आणि प्रमाणपत्र माउंटमधून सोडवून त्याच्यासमोर धरलं. त्याने मोठ्याने नाव वाचलं. तिचं, माझं आणि आडनाव, सगळं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तुम्ही मालक कसे?"

दोन्ही गिऱ्हाइकं आरशांत बघायचं नाटक करत उभी. आरशांच्या दुकानात माणसाला तोंड लपवायला जागा नसते.

थोरली म्हणाली, "चूक माझी आहे. नोंदणी माझी, लक्ष मी द्यायला हवं होतं. ते माझे वडील आहेत, त्यांना काही विचारू नका." त्याने तिच्या नावावर ताकीद लिहिली, तिने सही केली. वर त्याला चहा विचारला.

पोरीने चार लोकांत मालकी मिरवून घेतली. मी गेल्यावर मिरवली असती तर चाललं नसतं का?

२७ फेब्रुवारी

तिने रात्रीतून नवा माउंट कापला. पांढरा, मोठ्या खिडकीचा. नाव, पत्ता, नंबर, सगळं उघडं. मला शब्दाने विचारलं नाही.

२ मार्च

आम्ही पट्ट्यांचे नमुने एका फळीवर लावतो. कोपरे जोडून, गिऱ्हाइकाला निवडायला. ती फळी मी प्रमाणपत्रासमोर टांगली. तिथे उजेड चांगला पडतो.

दुपारी बघतो तर फळी पुन्हा जुन्या जागी.

४ मार्च

फळी मी तिकडे नेतो, ती इकडे आणते. दोघंही बोलत नाही. काल चष्मेवाला काही विचारायला आला आणि फळीकडे बघून हसला. म्हणाला, "काका, खेळ चाललाय का?" त्याला म्हटलं, आपलं दुकान सांभाळ.

घरी ही म्हणाली, "अहो, एका नावाने तुमचं काय जातं?"

"पाटीवर चिरंजीव लिहिलंय."

"लिहिलंय खरं. चिरंजीव दुकानाची पायरी चढून किती वर्षं झाली?"

बायको आणि मुलगी एक झाल्या की पुरुषाने दार लावून बसावं. पण दारालाही यांनी कान लावलेले.

९ मार्च

आज एकटाच नोंदणी ऑफिसात गेलो. ठरवलं, एकदाच काय ते सरळ करून टाकू. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, आमच्या दुकानाचा नंबर मुलीच्या नावावर आहे, तो मुलाच्या नावावर करायचा आहे.

तो म्हणाला, "होत नाही."

"का?"

"नंबर दुकानाचा नसतो, आजोबा. माणसाचा असतो. घर बदललं म्हणून कुणाचं नाव बदलतं का? तुमच्या मुलाला नवा नंबर घ्यावा लागेल."

"मग तोच घेतो."

"एका पत्त्यावर एकाच धंद्याला दोन नोंदण्या देत नाही. आधी मुलीला तिची बंद करायला सांगा, नाहीतर दुसऱ्या पत्त्यावर हलवायला सांगा. इथून तिचं नाव निघालं की मुलाला देऊ."

म्हणजे एवढंच! उगाच आठवडाभर फळी उचलत बसलो. येताना पावलं हलकी पडत होती. वाटेत पाटी रंगवणाऱ्याकडे डोकावलो, आमच्या पाटीला नवा हात द्यायचं सांगून आलो. 'चिरंजीव' जरा मोठ्या अक्षरांत.

१० मार्च

थोरलीला सांगितलं. नीट, समजावून, आवाज न चढवता. कारकून काय म्हणाला तेही सांगितलं. बंद कर नाहीतर हलव, पण हलवून तू करणार काय, तेव्हा बंदच कर.

ती एका जुन्या फोटोमागची धूळ झटकत होती. ब्रश खाली ठेवला.

"धाकट्याने येतो म्हणून सांगितलंय?"

"बघू म्हणालाय."

"आणि मी?"

"तू काय? तुला कोण जा म्हणतंय? जशी येतेस तशी ये. मदतीला हवीच आहेस की."

"मदतीला," ती म्हणाली. पुन्हा ब्रश उचलला. फोटो झटकून झाल्यावर म्हणाली, "ठीक आहे, बाबा. या पत्त्यावरून माझं नाव निघेल."

मला वाटलं होतं आकांडतांडव करील. शहाणी आहे, समजावलं की समजते. उगाच हिने इतके दिवस मला घाबरवून ठेवलं.

१७ मार्च

थोरली सकाळी ऑफिसात जाऊन आली. आल्यावर भिंतीवरून प्रमाणपत्र उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. मी म्हटलं, बंद झालेला कागद कशाला जपतेस, रद्दीत टाक. तिने वरून सुतळी बांधली.

मग दिवसभर आवरत बसली. पट्ट्या जाडीप्रमाणे लावल्या, काचांना खडूने मापं टाकली. कोपरे कापायचं यंत्र पुसलं आणि मला बोलावून दाखवलं, "याचा काटा डावीकडे सरकलाय. कापताना थोडं उजवीकडे धरा, नाहीतर कोपरा उघडा राहतो." जणू मी काल धंद्यात आलोय. मी हो हो म्हटलं.

माउंट कापायचं लहान हत्यार ती घेऊन गेली. ते तिने स्वतःच आणलेलं होतं, नेऊ दे. जाताना वाकून पाया पडली. आता हे काय नवीन? संध्याकाळी घरीच तर भेटणार.

२१ मार्च

थोरली चार दिवस दुकानात फिरकली नाही, रुसली असेल. आज धाकट्याचा फोन. मी आधीच म्हटलं, "जागा मोकळी झाली, कधी येतोस?"

"उद्याच येतोय, बाबा."

मला इतका आनंद झाला की खुर्चीवर बसलो. हिला हाक मारली, हात हलवून सांगितलं, येतोय!

"दोन दिवसांची रजा घेतलीये," तो म्हणाला. "ताईच्या दुकानात फळ्या ठोकायच्यात. ती एकटी किती करणार?"

"कुठलं दुकान?"

तो म्हणाला, "तुम्हाला सांगितलं नाही तिने? मला वाटलं तुम्हीच तिला हलव म्हणालात."

"मी बंद कर म्हणालो होतो!"

"बाबा, ती का बंद करील?"

मी विचारलं, मग तू? तुझं काय? पाटी रंगवायला दिली मी. तो म्हणाला, "मी येतो असं कधी म्हटलं होतं? मला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही. तुम्हाला माहितीये ते."

फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "इस्त्रीवाल्याची रिकामी जागा घेतलीये तिने. दोन गल्ल्या सोडून."

"तुला माहीत होतं?"

"चष्मेवाल्यालाही माहीत होतं. त्यानेच जागा दाखवली. तुम्हाला सांगायला कुणी जवळ आलं तर ना. तुम्ही ऐकता कुठे, नुसतं बोलता."

घरात तीन माणसं आणि मी. तिघांना ठाऊक, आणि मीच घरभर आनंदाने हात हलवतोय.

२२ मार्च

जेवायला पानावर बसलो. थोरलीने भाकरी वाढली. मी पान सारून उठलो. धाकटा म्हणाला, बाबा, बसा. पोरगा माझा, पण आवाज तिच्या बाजूचा.

२८ मार्च

जायचं नव्हतं, पण रस्ताच तिकडून होता. म्हणजे तिकडून नेला मी.

लहानशी जागा. समोरच्या काचेवर तिचं नाव, खाली नोंदणीचा नंबर. दुसरं काही नाही. ना 'प्रसिद्ध', ना 'जुने आणि विश्वासू', ना कुणाचे चिरंजीव. आत ती भरतकामवाली बाई बसली होती. दोघी कशावरून तरी हसत होत्या. थोरली हसते तेव्हा हिच्यासारखी दिसते, हे मी विसरलो होतो.

तिने मला पाहिलं आणि बाहेर यायला उठली. मी भराभर चालू लागलो.

२ एप्रिल

पाटी रंगून आली. 'आणि चिरंजीव' चांगलं मोठं आलंय. परत पाठवता येत नाही. आत प्रमाणपत्राच्या जागी मी आता काहीच लावलेलं नाही, कारण लावायला काही नाही. तपासनीस आला तर काय सांगू? दुकान आहे, माणूस आहे, हत्यारं आहेत, फक्त नंबर नाही. माझ्या नावावर अजून मिळत नाही, परवा विचारून आलो. कारकुनाने ओळखलं. "मुलगा नाही आला?" म्हणाला. या लोकांची स्मरणशक्ती नको तिथे चालते.

४ एप्रिल

काम आलं! दातांचे एक डॉक्टर, नुकताच दवाखाना काढलेले. पदवी आणि त्यांच्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, दोन फ्रेमा. पुन्हा पुन्हा सांगितलं, "माझं नाव आणि नंबर पूर्ण दिसला पाहिजे हं. एक अक्षर पट्टीखाली जायला नको." मी म्हटलं, निश्चिंत राहा, उभा जन्म यात गेला. आणि त्यांना नंबर घातलेली पावती हवी, हिशेबासाठी. देतो म्हणालो. वेळ आली की बघू.

कुणालाही दाखवून देईन की हे दुकान कुणाच्या हाताने चालत होतं.

८ एप्रिल

पट्टी तीनदा कापली. लाकूड हल्ली चांगलं येत नाही. काटा उजवीकडे धरायचा की डावीकडे, आठवेना. शेवटी अंदाजाने बसवलं, गोंद लावला, सोनेरी रंगाने कोपरे भरून घेतले. बरं दिसतंय. लांबून बरं दिसतंय.

९ एप्रिल

पावतीसाठी शेवटी तिच्याकडे गेलो. फ्रेमा बरोबर घेतल्या, म्हटलं बघू दे काम.

ती उठून उभी राहिली. खुर्ची पुढे केली. "पाणी देऊ?"

"पाणी नको. पावती दे. दोन फ्रेमांची, डॉक्टरांच्या नावाने. तुझा नंबर घालून."

तिने फ्रेमांवरचं वर्तमानपत्र सोडलं. एक फ्रेम उचलून खिडकीच्या उजेडाला धरली. चारी कोपऱ्यांतून उजेड आत आला. मलासुद्धा दिसला, म्हणजे बघा. तिने फ्रेम खाली ठेवली.

"मी न केलेल्या कामाला माझा नंबर नाही घालता येणार, बाबा."

"आता नाही येत? इतकी वर्षं दुकानात तुझ्याच नंबराच्या पावत्या फाडल्या. माझ्याच कामाच्या ना?"

"नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या नंबरावर मी केलेलंच काम जात होतं."

"मग मी काय करत होतो?"

तिने मान खाली घातली. हळूच म्हणाली, "तुम्ही गिऱ्हाइकांशी बोलत होता. तुम्ही संध्याकाळी घरी गेलात की मी कोपरे उघडून पुन्हा बसवायचे. तुम्हाला कळू नये म्हणून."

ती चिडून बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. तोंडात होते. पण ती रडवेली झाली होती. "या ठेवून जा," म्हणाली. "मी करून ठेवते. सकाळी तुम्ही न्या, तुमच्या दुकानातून द्या. पावती मी करते. कुणाला कळायचं नाही."

म्हणजे पुन्हा तेच. ती करणार आणि मी गल्ल्यावर उभा राहून गिऱ्हाइकाशी बोलणार. मी फ्रेमा उचलल्या आणि निघालो. तिने दोनदा हाक मारली. मागे वळलो नाही. वळून बघायला तोंड कुठलं आणू?

घरी ही काही बोलली नाही, पान वाढलं. आज प्रथमच ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

१० एप्रिल

दुकान उघडायच्या आधीच डॉक्टर दारात उभे. मी फ्रेमा काढून टेबलावर ठेवल्या, आणि त्यांनी हात लावायच्या आत म्हटलं, "या जमलेल्या नाहीत. दोन गल्ल्या सोडून फ्रेमांचं दुकान आहे, तिथे घेऊन जा. नव्याने करून देतील. पावतीही मिळेल, नंबर घातलेली."

"अहो, पण काम तर तुम्हाला दिलं होतं. ती तुमची शाखा आहे का?"

"नाही," म्हटलं. "मालकीण तिथे बसतात."

"अच्छा. म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात."

पाटी त्यांच्या डोक्यावर होती, मोठ्या अक्षरांत. त्यांनी वर पाहिलं नाही. मी हो म्हणालो.

ते फ्रेमा काखेत धरून पायरी उतरले. माणूस बोलका, जाता जाता वळून म्हणाले, "किती वर्षं झाली?"

म्हटलं, "त्यांची नोंदणी झाली तेव्हापासून."